बारा सेंटांचा राग

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

५ जून २०१८ या एकाच दिवशी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी दोन कौल दिले. शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर माणूस बुचकळ्यात पडतो. लॉस एंजेलिसजवळच्या फुलर्टन आणि आसपासच्या भागातल्या लोकांनी राज्याच्या विधिमंडळातला आपला सिनेटर जॉश न्यूमन याला मुदत संपायच्या आधीच परत बोलावलं, घरी बसवलं. त्याचा अपराध काय, तर पेट्रोलवरचा कर गॅलनमागे १२ सेंटांनी वाढवणाऱ्या विधेयकाला त्यानं मत दिलं होतं. आणि त्याच दिवशी राज्यभरच्या मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न होता, ६९ क्रमांकाचा. या कायद्यातून येणाऱ्या पैशातला जो भाग अजून मोकळा होता, तोही फक्त रस्ते आणि वाहतुकीवरच खर्च व्हावा, असं राज्यघटनेत लिहायचं का? दर पाचांतल्या चौघांनी ‘हो’ म्हटलं.

एकीकडे कर लावणाऱ्याला घालवला, दुसरीकडे कराच्या पैशाला कुलूप लावलं. आजचं माझं सगळं बोलणं या दोन कौलांच्या मधल्या जागेबद्दल आहे. अमेरिकेतला माणूस पेट्रोलच्या करावर चिडतो, हे तुम्ही बातम्यांत वाचता. तिकडे त्याला ‘गॅस टॅक्स’ म्हणतात, आपल्या सिलिंडरचा त्याच्याशी संबंध नाही. पण तो नेमका कशावर चिडतो, हे बातमीत येत नाही.

आधी थोडं यंत्र समजून घेऊ. आपल्याकडे महाराष्ट्रात पेट्रोलवर व्हॅट टक्क्यांत लागतो आणि वर काही रुपये सेस. भाव चढला की टक्क्यांतला कर आपोआप चढतो, सरकारला बोट उचलावं लागत नाही. तिकडे कर ठरावीक सेंटांत असतो. गॅलनमागे, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, इतके इतके सेंट. केंद्राचा कर १८.४ सेंट, तो १९९३ पासून तिथेच आहे. कॅलिफोर्नियाचा मूळ कर १८ सेंट, तो १९९४ पासून हलला नव्हता. मधल्या काळात डांबर महागलं, मजुरी वाढली, गाड्या एका गॅलनमध्ये जास्त पळू लागल्या. रस्ता तेवढाच झिजतो, पेट्रोल मात्र कमी विकलं जातं. २०१० मध्ये त्यांनी भावानुसार बदलणारा आणखी एक कर जोडला, तर तोही उलटला. तेलाचे भाव कोसळले आणि हा कर २१.५ सेंटांवरून तीनच वर्षांत ९.८ वर आला. गाडीवाला खूश, पण रस्त्याची तिजोरी आटली.

तेव्हा एप्रिल २०१७ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सिनेट बिल १ मंजूर करून घेतलं. दहा वर्षांत सुमारे ५२ अब्ज डॉलर उभे करायचे. पेट्रोलवर १२ सेंट, डिझेलवर २० सेंट, आणि प्रत्येक गाडीवर तिच्या किमतीप्रमाणे वर्षाला २५ ते १७५ डॉलर. अशा विधेयकाला दोन-तृतीयांश मतं लागतात. सिनेटमध्ये लागणार होती २७, पडली २७. असेंब्लीत, म्हणजे खालच्या सभागृहात, लागणार होती ५४, पडली ५४. एकही मत शिल्लक नाही! त्यातलं सिनेटमधलं एक मत तर विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या अँथनी कॅनेला यांचं होतं, आणि त्याच सुमाराला त्यांच्या मर्सेड भागासाठी रेल्वेचा विस्तार आणि विद्यापीठाकडे जाणारा रस्ता मंजूर झाला. सौदा उघड्यावर झाला, कुणी लपवला नाही. पण विधेयक असं अगदी काठावर पास झालं की ज्यानं मत दिलं त्या प्रत्येकाला ‘तुझ्यामुळेच झालं’ म्हणता येतं. न्यूमन पहिल्याच खेपेला, थोडक्यात निवडून आला होता. विरोधकांनी बरोबर सर्वांत हलणारा दात पकडला. त्यात निव्वळ करावरचा राग होता असं मी म्हणणार नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचं सिनेटमधलं दोन-तृतीयांश बहुमत मोडायचं, हा हिशेबही होता. राग लोकांचा असतो, त्याला नळी जोडून पाणी कुठे वळवायचं ते पक्ष ठरवतात.

आता हा राग पोकळ होता का? मुळीच नाही. त्यामागे दोन कारणं होती आणि त्यातलं पहिलं जुनं आहे.

२००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ठराव केला होता की पेट्रोलवरच्या विक्रीकराचा पैसा वाहतुकीला द्यायचा. ठरावात एक फट होती. आर्थिक तंगी असेल तर गव्हर्नर आणि विधिमंडळ हे थांबवू शकतील. लगेच पुढच्या एक-दोन वर्षांत तंगी आली आणि पैसा सर्वसाधारण खर्चाकडे गेला. २००६ मध्ये लोकांनी पुन्हा मतदान करून ती फट लहान केली. मग २०१० च्या सुमाराला जड ट्रकांकडून वजनाप्रमाणे घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा पैसा, वर्षाला साधारण एक अब्ज डॉलर, रस्त्यांच्या दुरुस्तीऐवजी जुन्या वाहतूक-कर्जरोख्यांचे हप्ते फेडायला लावला. कायद्याच्या भाषेत तोही ‘वाहतुकीवरचाच खर्च’. पण खड्ड्यात गाडी आपटणाऱ्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. अशा माणसासमोर तुम्ही २०१७ मध्ये जाऊन म्हणता, ‘या खेपेला खरंच रस्त्यावर खर्च करू’. तो तोंडावर हसणारच.

दुसरं कारण पैशाचं, आणि ते सरासरीत दिसत नाही. सरकारी हिशेब असा मांडला जायचा: वर्षाला बारा हजार मैल, गॅलनला २५ मैल, म्हणजे ४८० गॅलन, गुणिले १२ सेंट, म्हणजे ५८ डॉलरच्या आत. महिन्याला पाच डॉलरसुद्धा नाहीत, एका कॉफीचे पैसे! हे कॉफीचं उदाहरण ज्यानं पहिल्यांदा दिलं त्याला मी कधीच प्रचाराला पाठवणार नाही.

पहाटे साडेचारला ट्रेसीच्या पंपावर उभं राहून पाहा. ट्रेसी हे ऑल्टामाँट घाटाच्या पलीकडचं गाव. सॅन होजे आणि फ्रीमाँटची घरं ज्यांना परवडत नाहीत ते इथे राहतात. जुने पिकअप, वर शिड्या बांधलेल्या, मागे रंगाचे डबे, कौलाचे गठ्ठे. कुणी टाकी फुल करत नाही. वीस डॉलरचं, तीस डॉलरचं भरतात, रोख, आत खिडकीवर जाऊन, कारण कार्डाला दर थोडा जास्त. जाऊन-येऊन १३० मैल, गाडी गॅलनला २० मैल देणारी. दिवसाला साडेसहा गॅलन, वर्षाचे २४० दिवस धरले तर या एका वाढीचे १८७ डॉलर. आणि तो ज्या घराचं छप्पर दुरुस्त करायला चाललाय त्या पालो आल्टोतल्या घराच्या दारात विजेवरची गाडी उभी. तिनं पेट्रोलच्या कराचा एक सेंटही भरलेला नाही. २०२० पासून नव्या विजेच्या गाड्यांना वर्षाला १०० डॉलर शुल्क लागलं खरं, पण ते २०२० किंवा त्यानंतरच्या मॉडेलना. आपले बे एरियातले, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे, मराठी लोक, मीही त्यांच्यातलाच, बहुतेक या दुसऱ्या दारातले. त्यामुळे मंडळाच्या गणेशोत्सवात या कराविरुद्ध कुणी फारसं तणतणताना मला दिसलं नाही.

मग नोव्हेंबर २०१८ आला. सॅन डिएगोचे माजी नगरसेवक आणि रेडिओवरचे वक्ते कार्ल डिमायो यांनी सह्या गोळा करून प्रश्न क्रमांक ६ मतपत्रिकेवर आणला. वाढ रद्द करा, आणि यापुढे पेट्रोलवरचा प्रत्येक नवा कर आधी लोकांना विचारा. जूनमध्ये सिनेटर पडला होता, तेव्हा हाही ठराव सहज जिंकेल असं अनेकांना वाटलं. हरला. सुमारे ५७ टक्क्यांनी ‘नको’ म्हटलं.

का हरला, यावर तिकडे अजून वाद चालतो. एक तर रद्द न करण्याच्या बाजूनं बांधकाम कंत्राटदार आणि कामगार संघटनांनी ओतलेला पैसा समोरच्यांच्या कित्येक पट होता. दुसरं, मतपत्रिकेवर ठरावाचं शीर्षक ‘रस्तेदुरुस्तीचा निधी रद्द करतो’ अशा अंगानं आलं, ‘कर रद्द करतो’ असं नाही. शीर्षक राज्याचा महाधिवक्ता ठरवतो आणि तो सत्ताधारी पक्षाचा होता. डिमायो चिडले ते मला समजतं.

पण एवढ्यानं तेरा-चौदा टक्क्यांची आघाडी समजत नाही. माझ्या मते खरी गोष्ट अशी की तोवर कर सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि काम दिसत होतं. कायद्यात एक अट घातली होती, आणि या सगळ्या कायद्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती हीच. प्रत्येक शहरानं आणि काउंटीनं पैसे घेण्याआधी दरवर्षी आपल्या कामांची यादी जाहीर करायची. अमुक रस्ता, अमुक चौकापासून अमुक चौकापर्यंत. यादी नाही तर पैसे नाहीत. रस्त्याच्या कडेला ‘रीबिल्डिंग कॅलिफोर्निया’ असे फलकही लागले. विरोधक म्हणाले, हा आमच्याच पैशांनी प्रचार. असेल! पण फलकाखालचं डांबर ताजं होतं.

ओरेगनमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. पेट्रोलवर राज्याचा कर लावणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य हेच, १९१९ मध्ये, गॅलनला एक सेंट. पोर्टलंड शहरानं २०१६ मध्ये स्वतःचा वेगळा कर लावला, गॅलनला १० सेंट, राज्याच्या करावर वरताण. पण तो लोकांच्या मतानं लावला आणि फक्त चार वर्षांसाठी. कामांची यादी आधी दिली. पहिल्यांदा जेमतेम पास झाला. २०२० मध्ये आणि २०२४ मध्ये मुदत संपत आल्यावर पुन्हा लोकांकडे गेले, दोन्ही वेळा मोठ्या बहुमतानं पास. आणि २०२५ मध्ये त्याच राज्याच्या विधिमंडळानं विशेष अधिवेशन घेऊन ४० चे ४६ सेंट केले, तर तो कर अडवून मतदारांपुढे न्यायची मोहीम सुरू झाली आणि लागणाऱ्या सह्यांपेक्षा कितीतरी जास्त सह्या जमल्या. पोर्टलंड डाव्या वळणाचं शहर, बाकीचं राज्य तसं नाही, हे मला मान्य. तरी १० सेंट तीनदा गोड लागतात आणि ६ सेंट कडू, याचं उत्तर एकट्या पक्षात नाही सापडत.

आणि इथेच कॅलिफोर्नियाच्या सरकारची चूक मला दिसते. त्या २०१७ च्या कायद्यात एक कलम होतं, त्याकडे प्रचाराच्या धुरळ्यात फारसं लक्ष गेलं नाही. २०२० पासून हा कर दर १ जुलैला महागाईप्रमाणे आपोआप वाढेल. राज्याचे सगळे मिळून ४७.३ सेंटांचे ५०.५ झाले, २०२३ ला ५७.९, २०२५ ला ६१.२. दरवर्षी जुलै आला की पंपावर तीच चिडचिड. २०२२ च्या सुरुवातीला गव्हर्नर न्यूसम यांनाही वाटलं की ही वाढ थांबवावी, विधिमंडळानं ऐकलं नाही, आणि उन्हाळ्यात भाव गॅलनला ६ डॉलरच्या वर गेला. मग लोकांना २०० ते १,०५० डॉलर परत वाटले. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचं, वर त्याचा गाजावाजा!

अर्थशास्त्रज्ञ सांगतात की महागाईशी जोडलेला कर शहाणा, कारण तो झिजत नाही. हिशेब बरोबर आहे. पण मॅसॅच्युसेट्समध्ये काय झालं ते पाहा. २०१३ मध्ये तिथे दोन गोष्टी एकदम केल्या, ३ सेंट वाढ आणि पुढची वाढ आपोआप. २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून आपोआप वाढ खोडली, ३ सेंटांची वाढ तशीच राहू दिली. करदात्यांची याहून नेमकी तक्रार मी दुसरी पाहिलेली नाही.

आपल्याकडे असं खोडायला खोडरबर नाही. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये लागले. पुढच्या वर्षी पाऊस झाला, सेस गेला नाही, उलट त्यावर थर चढत गेले. मुंबई, ठाणे, नवी मुंबईला उर्वरित राज्यापेक्षा जास्त दर होता, तो २०२४ च्या अर्थसंकल्पात खाली आणला, पेट्रोलवर २६ टक्क्यांचे २५, डिझेलवर २४ चे २१. निवडणुकीचं वर्ष होतं. दुष्काळाच्या त्या दोन रुपयांतून कोणत्या तालुक्यात काय झालं याची यादी तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल तर मला जरूर दाखवा.

आता पुढचं भांडण. पेट्रोल विकलंच कमी जाणार, तेव्हा कर मैलावर घ्यायचा, अशी कल्पना आहे. ओरेगननं २०१५ मध्ये स्वेच्छेनं येणाऱ्यांसाठी तशी योजना सुरू केली, कॅलिफोर्नियानंही प्रयोग करून पाहिले. न्याय म्हणून ठीक आहे, पालो आल्टोतली ती गाडीही मग पैसे भरेल. पण ट्रेसीचा माणूस १३० मैल जातो आणि पालो आल्टोचा पाच. मैलाचा कर लावताना पहिली हरकत पुन्हा त्याच पंपावरून येणार आहे, आणि या खेपेला त्याला कॉफीचा हिशेब सांगायला कुणी जाऊ नये.