फूटभर तार

[पहाट. कालव्यावर बर्फाचा पापुद्रा. लांबून रेल्वेचा आवाज.]

फेब्रुवारीची सकाळ. नुकतं उजाडतंय. पाण्यावर रात्रीत बर्फाचा पापुद्रा धरलाय, दुधावर साय धरावी तसा. काठाच्या गवतावर दहिवर गोठलंय, आणि त्यावरून चालताना बुटांखाली कुरकुर आवाज येतोय.

हा लंडनच्या पश्चिमेकडच्या स्लाऊ गावाचा कालवा. लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणाऱ्या ग्रँड युनियन कालव्याला काउली पीची इथे एक फाटा फुटतो. तो साधारण आठ किलोमीटर पश्चिमेला येतो आणि स्लाऊमध्ये संपतो. या आठ किलोमीटरमध्ये एकही लॉक नाही, म्हणजे बोट वर-खाली करायला दारं लावलेला हौद. पाणी चढत नाही, उतरत नाही. नुसतं उभं असतं.

[पुलाखालून येणारी दोन माणसं. एक उंच, एक लहान.]

आठवडाभर हे दादा हीथ्रोजवळच्या एका गोदामात काम करतात. शनिवारी पहाटे मात्र ते इथे असतात. मूळचे अलिबागकडचे. लहानपणी खाडीवर आजोबांबरोबर गरवायला जायचे. इथे येऊन बारा वर्षं झाली, तरी तोंडात शब्द तोच आहे. फिशिंगला नाही, गरवायला. सोबत मुलगी आहे, अकरा वर्षांची. इंग्लंडमध्ये तेरा वर्षं पूर्ण झाली की काठीचा परवाना लागतो. तिला अजून दोन वर्षं सूट आहे.

[जुनी विटांची भिंत. विटेवरचं शेवाळ, अगदी जवळून.]

थोडं या कालव्याच्या जन्माबद्दल सांगायला हवं.

हा कालवा १८८२ साली सुरू झाला. इंग्लंडमधले बहुतेक कालवे त्याच्या बऱ्याच आधीच्या लाटेतले. स्लाऊला रेल्वे येऊनही तेव्हा चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. मग एवढ्या उशिरा कालवा खणला कशासाठी? विटांसाठी. स्लाऊ, लँगली, आयव्हर या पट्ट्यातली माती विटेला फार चांगली. लंडन भराभर वाढत होतं आणि त्याला विटा हव्या होत्या. वीट जड, स्वस्त, आणि तिला घाई नसते. अशा मालाला बोटीइतकं सोयीचं वाहन नाही. घोडा काठावरून चालायचा, मागे दोराने बांधलेली बोट. लंडनला विटा उतरवायच्या आणि येताना शहराचा कचरा आणि राख भरून आणायची. राख पुन्हा विटेच्या मातीत मिसळायची, कचऱ्याने माती काढलेले खड्डे बुजायचे. आज आपण ज्या वाटेवरून चालतोय, ती त्या घोड्यांची वाट.

वाटेत हा कालवा तीन नद्या ओलांडतो. फ्रेज, कोल्न आणि कोल्न ब्रुक. नदी खालून वाहते आणि कालवा पुलावरून वर जातो. पाण्यावरून पाणी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या पुलावर बराच वेळ उभी राहिले होते.

[पाण्याखालचा कॅमेरा. हिरवट उजेड. पाणवनस्पती. रोच माशांचा थवा.]

आता विटा नाहीत, घोडे नाहीत. उन्हाळ्यात सहलीच्या नॅरोबोटी, म्हणजे लांब अरुंद बोटी, येतात आणि त्यांच्या पंख्याने तळाचा गाळ वर येतो. हिवाळ्यात बोटी बांधलेल्या असतात. गाळ खाली बसतो. लॉक नसल्याने वरून पाण्याचा लोंढाही येत नाही. म्हणून फेब्रुवारीत हे पाणी असं दिसतं. दीड मीटरच्या आतबाहेर खोली, आणि तळाचं पान न् पान दिसतंय.

हा रुपेरी थवा रोच माशांचा. थंडीत ते विखरून राहत नाहीत. बांधलेल्या बोटींच्या पोटाखाली, पुलाच्या सावलीत, बोटी वळवायला कालवा जिथे रुंद केलाय तिथे, असे दाटीवाटीने उभे राहतात. मासा थंड रक्ताचा. पाणी गारठलं की त्याचं सगळंच मंदावतं. पचन मंद, भूक मंद, हालचाल मंद. पण थांबत काहीच नाही. जिथे रोच, तिथे त्यांना खाणारे. आणि या कालव्यात खाणारे दोन, पर्च आणि पाइक.

[रात्रीचं स्वयंपाकघर. टेबलावर दिवा. हात.]

सगळ्यात महत्त्वाचं काम आदल्या रात्रीच होऊन जातं. ओट्यावर भांडी वाळताहेत, कुकर अजून गरम आहे, आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून दादा तार कापताहेत. दोरा आणि गळ यांच्यामध्ये लावायची, पाइकच्या दातांनी दोरा तुटू नये म्हणून.

ही तार जवळून पाहा. दिसायला तपकिरी दोरा. पण बारीक बारीक सात तारा पिळून एक पदर, आणि असे सात पदर पुन्हा पिळून ही एक तार. एकूण एकोणपन्नास. म्हणून ती इतकी मऊ आहे की बोटाभोवती गुंडाळली तरी पीळ राहत नाही.

फूटभरापेक्षा थोडी जास्त कापायची. एका टोकावर तांदळाच्या दाण्याएवढी धातूची नळी ओवायची. मग गरगर फिरणारी कडी. तारेचं टोक कडीतून वळवून पुन्हा त्याच नळीत घालायचं, आणि पकडीने नळी चेपायची. फार जोरात चेपली तर तार आतल्या आत तुटते. कमी चेपली तर निसटते. दादा पकड दाबताना श्वास धरतात, ते दिसतंय बघा. दुसऱ्या टोकाला तसंच, फक्त कडीऐवजी उघडझाप होणारा हूक. शेवटी एक टोक दाराच्या कडीला अडकवून दणकून हिसका द्यायचा.

त्या रात्री सहा तारा झाल्या. दोन हिसक्यात निसटल्या, त्या फेकल्या. उरल्या चार.

[पहाट. पुलाजवळ. काठी जोडताना.]

आता प्रश्न असा की पर्चसाठी एवढं कशाला? पर्च हातभरही नसतो. त्याच्या तोंडात दोरा कापणारे दात नाहीत. त्याच्यासाठी काठी हलकी, विणीव दोरा केसासारखा, पुढे दोन इंची रबराची मासोळी, तिच्या डोक्यात दोन-तीन ग्रॅम वजन. वजन टंगस्टनचं. लहान शिशाची वजनं १९८७ पासून इथे बंद आहेत, कारण काठावर सांडलेली वजनं खड्यांबरोबर गिळून हंस मरायचे.

या नाजूक सामानाला तार लावली की पर्च बिचकतो, असं बरेच जण म्हणतात. काही जण जाड फ्लूरोकार्बन दोरा लावून समाधान मानतात. मला ते पटत नाही. रबराच्या मासोळीवर नाव लिहिलेलं नसतं. ज्या पुलाखाली पर्च आहे, त्याच पुलाखाली पाइक आहे, आणि पाइकच्या दातांपुढे फ्लूरोकार्बन टिकेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. दोरा तुटला की गळ त्याच्या घशात राहतो, तोंड मिटत नाही, आणि असा मासा उपाशी मरू शकतो.

म्हणून इथे पहिली मासोळी पाण्यात पडण्याआधी मुलगी विचारते, "बाबा, तार लावलीस?"

"लावली."

"दाखव."

आणि दादा दाखवतात.

[बर्फाचा पापुद्रा वितळलेला. सूर्य तिरका. काठीचं टोक.]

दहा वाजले. पुलाच्या या बाजूचा पापुद्रा विरघळलाय. मासोळी बोटीच्या कडेला, अगदी कडेला पडते. उन्हाळ्यात ती भरभर ओढली असती. आता तसं नाही. तळाला टेकू द्यायची. तीनपर्यंत मोजायचं. काठीचं टोक वीतभर उचलायचं, इतकंच. पुन्हा टेकू द्यायची. गारठलेला पर्च मागे धावत नाही. तो जवळ येतो, बघतो, आणि समोर काही लुकलुकलं तर तोंड उघडून ओढून घेतो. काठीवर कळतं ते एवढंच, कुणी नखाने टिचकी मारावी तसं.

तासभर काही नाही. जागा बदलली. दुसऱ्या बोटीजवळ पुन्हा काही नाही. तिसऱ्या जागी, टिचकी.

[पर्च. ओल्या तळहातावर.]

हा पर्च. हिरवट सोनेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे, पोटाखालचे पर शेंदरी. पाठीवरचा पहिला पर काट्यांचा आहे, तो उभा राहिला की हाताला टोचतो. कल्ल्याच्या झाकणालाही टोकदार काटा असतो. खवले खरखरीत, मांजराच्या जिभेसारखे. दादांना याला पाहून जिताडा आठवतो. तोही असाच पाठीचा काटा उभारतो.

इंग्लंडमध्ये पर्चचे वाईट दिवसही होऊन गेलेत. १९७६ साली विंडरमिअर सरोवरातले जवळजवळ सगळे मोठे पर्च एका रोगाने गेले. आज या कालव्यात असा पट्टेरी, टणक पर्च हातात येतो, ही साधी गोष्ट नाही.

गळाला उलटा काटा नाही, त्यामुळे बोटांनीच निघाला. पर्च पाण्यात.

[काठी अचानक वाकते. हा शॉट सलग, न कापलेला.]

आणि इथे तार कामी आली.

टिचकी नव्हती. नुसतं जड झालं. मग काठी वाकली आणि रीळ किरकिरायला लागलं. हलक्या काठीवर पाइक ओढायला वेळ लागतो, पण जास्त दमवायचाही नाही. रबरी जाळं आधीच पाण्यात आहे. गादी आधीच भिजवून काठावर पसरलीय. लांब चिमटा मुलीच्या हातात. हे सगळं मासा लागण्याआधी तयार होतं, नंतर नाही.

पाहा, ती आली. बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड. हिरव्या अंगावर फिकट ठिपके. प्रत्येक पाइकची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यावरून तोच मासा पुन्हा ओळखता येतो. पोट फुगलंय. मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालणारी मादी आहे ही.

नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला बंदी असते. बहुतेक कालव्यांना ती लागू नाही. इथे तिची काळजी ज्याच्या हातात काठी, त्यानेच घ्यायची.

ओला हात कल्ल्याच्या झाकणाखालून जबड्याच्या हाडाकडे सरकतोय. आतल्या लाल झालरींना बोट लागता कामा नये. जबडा आपोआप उघडला. वरच्या टाळूला बघा, शेकडो बारीक दात, सगळे मागे वळलेले. आत गेलेलं बाहेर येऊ नये म्हणून. आणि दोन खालच्या सुळ्यांच्या मधून जातेय आपली तार. चिमटा आत गेला, गळ उलटा फिरवला, सुटला. मोजपट्टी नाही, वजन नाही, मिठीत धरून फोटो नाही.

जाळ्यातून परत पाण्यापर्यंत, एक मिनिट दहा सेकंद.

[पाण्यात हात. शेपटीजवळ धरलेली पाइक.]

(इथे निवेदन नाही. फक्त पाण्याचा आवाज.)

[बोटी. बंद दुकान. पुलावरून जाणारी माणसं.]

या कालव्यातला मासा मालकाच्या परवानगीशिवाय घरी न्यायचा नाही, हा नियम आहे. 

[दुपार. ऊन कलतंय. मुलीच्या हातात तार.]

त्यानंतर दिवसभरात अजून दोन पर्च मिळाले, दोन्ही याच पुलाखाली. चार वाजायच्या आधी पाण्यावर पुन्हा गारठा उतरला.

पाइकच्या झटापटीत तारेला एक बाक आला होता. नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाही. मुलीने ती दोन बोटांच्या चिमटीतून सावकाश ओढली, मध्ये थांबली, पुन्हा ओढली.

"बाबा, इथे खरखरतंय."

दादांनी पकड काढली, तार मधोमध कापली, दोन्ही तुकडे गुंडाळून जॅकेटच्या खिशात ठेवले, आणि डबीतून दुसरी काढली. आता डबीत दोनच उरल्या होत्या.

"बाबा, आज रात्री मी चेपू?"

"चेप. पण हिसका मी देणार."