आधी विचारा, हा आकडा येतो कुठून

मंडळी, घरच्या संगणकावर तापमान दाखवणारा एखादा प्रोग्राम आपण टाकतो आणि समोर दिसतं: प्रोसेसर १२७ अंश सेल्सिअस. किंवा उणे १२८. किंवा भर मे महिन्यात अकोल्यातल्या खोलीत १८ अंश. यावर बहुतेक जण घाबरतात, कॅबिनेट उघडतात, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला, उष्णता पुढे नेणारा लेप) नवी लावतात, नाहीतर दुरुस्तीवाल्याकडे धाव घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी हा आकडा आला कुठून ते शोधा. पडद्यावरचं तापमान बरेचदा हिशेबानं काढलेलं असतं. हिशेबच चुकला असेल तर पेस्ट बदलून काही साधत नाही.

इंटेलचे प्रोसेसर घ्या. प्रत्येक कोअरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या प्रत्येक भागात, एक डिजिटल सेन्सर असतो. तो '६२ अंश' असं कधीच सांगत नाही. तो सांगतो, 'कमाल मर्यादेच्या ३८ अंश खाली'. विहिरीत दोर सोडला तर पाणी काठापासून किती खाली आहे ते कळतं. पण पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची हवी असेल, तर काठाची उंची आधी माहीत हवी. इथे काठ म्हणजे 'टीजे-मॅक्स' नावाची मर्यादा. २००६ साली इंटेलचे 'कोअर २' प्रोसेसर बाजारात आले, तेव्हा डेस्कटॉप मॉडेलांची ही मर्यादा इंटेलनं जाहीर केलेली नव्हती. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी अंदाज बांधले. कुणी ८५ धरली, कुणी १००. एकाच चिपचं, एकाच क्षणाचं तापमान दोन प्रोग्रामांत १५ अंशांनी वेगळं दिसायचं आणि लोक कोणता प्रोग्राम चांगला यावर भांडत बसायचे! २००८ च्या अखेरीस नेहालेम पिढी आली. तेव्हापासून ही मर्यादा प्रोसेसरच्याच एका रजिस्टरमधून (आतल्या छोट्या नोंदकप्प्यातून) वाचता येते आणि तो घोळ बराचसा मिटला. एक गोष्ट मात्र आजही ध्यानात ठेवा. हा सेन्सर प्रोसेसरच्या बचावासाठी बसवलेला आहे, म्हणून तो मर्यादेच्या जवळ भरवशाचा असतो. प्रोसेसर निवांत असताना एक कोअर ३१ आणि शेजारचा ३७ दाखवत असेल, तर त्यावर झोप उडवून घेऊ नका.

एएमडीची गंमत निराळी. २०१७ मध्ये त्यांचे रायझन प्रोसेसर आले तेव्हा १८००एक्स आणि १७००एक्स घेणारे हवालदिल झाले, कारण काही काम नसतानाही आकडा विलक्षण चढा दिसत होता. त्या मॉडेलांमध्ये पंख्याला कळवायच्या तापमानात २० अंश मुद्दाम मिळवलेले होते. सगळ्या मॉडेलांना पंख्याचं एकच धोरण लागू पडावं, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे २७००एक्सला १० अंश मिळवले गेले. ज्या प्रोग्रामला हे ठाऊक नव्हतं, तो फुगलेला आकडाच खरा म्हणून दाखवत राहिला.

आता १२७ आणि उणे १२८. मदरबोर्डवर सुपर आय-ओ नावाची एक चिप असते. न्यूव्होटॉन किंवा आयटीई या कंपन्यांची बरेचदा आढळते. तिला तापमानाची अनेक इनपुट असतात, पण बोर्ड बनवणारा सगळीच जोडतो असं नाही. न जोडलेल्या इनपुटवर काहीही येतं. आठ बिटांत चिन्हासकट मावणाऱ्या संख्या उणे १२८ ते १२७. म्हणजे तुम्हाला दिसलेला आकडा मोजमापाचं टोक आहे, त्याला सेन्सरच नाही.

मला सर्वांत आवडणारा आकडा २७.८. लिनक्सवर 'सेन्सर्स' आज्ञा दिली की काही डेस्कटॉपवर 'एसीपीआय' या नावाखाली हा आकडा दिसतो. उन्हाळा असो, हिवाळा असो, काम असो नसो, तो ढळत नाही. एसीपीआय म्हणजे बोर्डवरचं फर्मवेअर (बोर्डमध्येच साठवलेला मूळ प्रोग्राम) आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातल्या देवाणघेवाणीची ठरलेली पद्धत. तिच्यात तापमान केल्विनच्या दशांशात लिहितात. सेल्सिअस काढायला ३०१.० केल्विनमधून २७३.२ वजा करा: बरोबर २७.८. फर्मवेअरमध्ये कुणीतरी गोल आकडा लिहून ठेवलाय, मोजमाप झालेलंच नाही. २९.८ दिसला तर तोही असाच, ३०३ केल्विनचा.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? पहिली कसोटी भौतिकशास्त्राची आहे. साध्या पंख्यानं थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोलीत ३८ अंश असताना १८ दिसले, तर चर्चा संपली. दुसरी कसोटी: संगणक रात्रभर बंद ठेवा, सकाळी सुरू करून लगेच बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंग्जमध्ये) पाहा. सुरुवातीला आकडा खोलीच्या थोडाच वर हवा. मग जड काम द्या. आकडा हललाच नाही, तर तो प्रोसेसरचा नाही.

खरी कसोटी लागते ती पडद्यावर १०० दिसतात आणि हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) हाताला थंड लागतो तेव्हा. इथे घाई करून 'सेन्सर खोटा' म्हणू नका. दोन शक्यता आहेत: आकडा खोटा असेल, किंवा उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नसेल. साक्षीदार एकच, प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाचा वेग, म्हणजे तो किती झपाट्यानं काम करतोय ते. प्रोसेसर खरोखर तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, त्याहीपुढे गेला तर संगणक बंद पडतो. अर्धा तास व्हिडिओचं काम पूर्ण वेगानं चाललंय आणि आकडा १२७ वर थिजलाय, तर आकडा खोटा. पण काम सुरू होताच आकडा उसळला, वेग कोसळला आणि हीटसिंक थंडच राहिला, तर ताप खरा आहे. संगणक लगेच बंद करा. कूलरची प्लास्टिकची खुंटी निसटली आहे का, तळाची संरक्षक फिल्म काढायची राहिली आहे का, ते बघा. आणि रायझन ७००० मालिकेत जड कामाला ९५ अंश दिसले तर ते तसंच योजलेलं आहे.

एक पथ्य पाळा. तापमान वाचणारे दोन-तीन प्रोग्राम एकाच वेळी चालवू नका. सगळे त्याच चिपला विचारायला जातात, उत्तरांची सरमिसळ होते आणि मध्येच एखादा अशक्य आकडा चमकून जातो.

खोट्या आकड्यानं खरं नुकसान होतं ते पंख्यामुळे. पंखा त्या चुकीच्या इनपुटवर चालत असेल, तर प्रोसेसर तापूनही तो मंद फिरत राहील. अनेक बोर्डांच्या बायोसमध्ये पंख्यासाठी कोणतं तापमान धरायचं ते निवडता येतं. ते आधी तपासा, मग बायोसची नवी आवृत्ती आहे का पाहा.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय की बायोसमध्ये ५० दिसतात आणि विंडोजमध्ये ३८, यातलं खरं कोणतं? दोन्ही खरी असू शकतात. विंडोज काम नसताना कोअरना झोपवतं, बायोस सहसा तसं करत नाही, म्हणून तिथे प्रोसेसर जागाच राहतो आणि अधिक तापतो. तुलना करायची तर बायोसची बायोसशी करा, विंडोजची विंडोजशी.