शंभरवालं पेट्रोल टाकू का? आधी सांगा, गाडी किती उभी असते

नमस्कार मंडळी. ठाण्यात सध्या कुठल्याही गॅरेजबाहेर दोन मिनिटं उभं राहिलात, तरी गप्पा ‘ई-ट्वेंटी’वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर येतातच. गाडी मिसिंग करते, इथेनॉलमुळे. ॲव्हरेज पडला, इथेनॉलमुळे. परवा तर एकाची क्लचप्लेटही इथेनॉलमुळेच गेली म्हणे! आता क्लचप्लेटचा आणि पेट्रोलचा काय संबंध, ते त्यालाच ठाऊक.

यावर सल्लाही ठरलेला: “दादा, शंभरवालं, म्हणजे १०० ऑक्टेनचं टाका, त्यात इथेनॉल नसतं.”

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज पळणाऱ्या गाडीत ते टाकणं म्हणजे उधळपट्टी आहे. जुनी, कार्बोरेटरवाली (म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या आधीची) आणि बरेच दिवस उभी राहणारी गाडी असेल, तर मात्र पैसे वसूल.

पंपावर आज ‘साधं’ म्हणून जे मिळतं, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. फेब्रुवारी २०२३मध्ये ई२०ची सुरुवात झाली आणि २०२५पर्यंत ते देशभर पोहोचलं. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचाही पर्याय ठेवा, अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती. ती १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली गेली. त्यामुळे आपल्याला हवं ते साधं, बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतच नाही. मिळतं ते १०० ऑक्टेनचं, म्हणजे एक्सपी १०० किंवा पॉवर १००, आणि भाव साध्याच्या जवळपास दीडपट.

इथेच गोम आहे. तुम्ही पैसे मोजता ऑक्टेनसाठी. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल दाबाखाली अवेळी पेटत नाही, इंजिन नॉक करत नाही. एवढंच. स्प्लेंडर किंवा जुन्या आरएक्स १००च्या इंजिनात तेवढा दाबच नसतो, मग पिकअप वाढणार कुठून?

बरं, ॲव्हरेजचं काय? एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे थोडा फरक पडणारच. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०ला, म्हणजे १० टक्के इथेनॉलला, ट्यून केलेल्या दुचाकींमध्ये तो ३-४ टक्के असेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात आहे. म्हणजे ५० देणारी गाडी ४८ देईल. आता ते दोन किलोमीटर वाचवायला लिटरमागे दीडपट पैसे द्यायचे? माजिवड्यापासून गायमुखपर्यंत फर्स्ट-सेकंडमध्ये रखडताना याहून जास्त ॲव्हरेज जातो.

बीएस ६ची, फ्युएल इंजेक्शनवाली गाडी असेल तर आणखी निश्चिंत राहा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन सेन्सर मोजतो आणि इंजिन पेट्रोलचं प्रमाण वाढवून घेतं. एप्रिल २०२३नंतर बनलेली असेल, तर तिचे पाइप आणि सीलही ई२०ला चालणारे आहेत.

कार्बोरेटरला हे कळत नाही. त्याचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, ठरलेल्या मापाचाच. मिश्रण ‘लीन’ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, सकाळी चोक जास्त वेळ लागतो, इंजिन थोडं तापतं. आणि जुने रबरी पाइप, ओ-रिंग, फ्लोटच्या सुईचं टोक इथेनॉलने फुगतं किंवा कडक होतं. जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलंय. खर्च फार नाही. पाइप बदलून घ्या, मिस्त्रीला मिश्रण सेट करायला सांगा, रोजच्या गाडीचा प्रश्न मिटला.

आता उभ्या गाडीकडे येऊ.

[मोजपात्र कॅमेऱ्यासमोर धरून]

हे बघा. यात १० मिली पाणी आहे, वर ९० मिली साधं पेट्रोल ओततो. हलवतो. थांबू थोडं... बघा, खालची रेघ १०वर नाही राहिली, २८च्या आसपास चढली. पेट्रोलमधलं इथेनॉल खाली उतरून पाण्याला जाऊन मिळालं. आता दुसऱ्या पात्रात १०० ऑक्टेन. रेघ जिथल्या तिथे, १०वर. घरी करणार असाल तर मोकळ्या जागेत करा, आणि हे पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

टाकीत नेमकं हेच होतं, पण त्याला पाणी बऱ्यापैकी लागतं. नुसत्या दमट हवेने टाकीत थर साचतात असं सांगणारे व्हिडिओ जरा तिखटमीठ लावतात, कारण ई२० थोडं पाणी पोटात जिरवतं. खरा चोर टाकीच्या झाकणापाशी आहे. झाकणाच्या कडेला पाणी वाहून जायला बारीक भोक असतं, बघा, इथे. ते धुळीने बुजलं की पावसाचं पाणी साचतं आणि झिरपत टाकीत उतरतं. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये जून ते सप्टेंबर उभ्या गाडीचं काय होत असेल, विचार करा. पाणी आणि इथेनॉलचा थर तळाशी बसतो, आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक पेट्रोल खेचतो तळातूनच. मग किक मारून मारून पाय दुखतो.

म्हणून पावसाळ्याआधी ते भोक पातळ तारेने मोकळं करा. टाकीतलं साधं पेट्रोल संपवत आणा, मग १०० ऑक्टेनने टाकी भरा. अर्धी टाकी ठेवाल तर रिकाम्या पत्र्याला आतून गंज धरतो. थोडी चालवा, म्हणजे तेच पेट्रोल कार्बोरेटरमध्ये येईल. मग कॉक बंद करून गाडी स्टँडवर सुरू ठेवा, आपोआप बंद पडू दे. उरलंसुरलं कार्बोरेटरच्या खालच्या स्क्रूने काढून घ्या. हे शेवटचं चुकवू नका, कारण इथेनॉल नसलं तरी शिळं पेट्रोल उडून जाताना चिकट थर मागे ठेवतं आणि पायलट जेट बुजतो.

कॉकला ‘ऑफ’च नसेल, तर पाइप काढून कॉकच्या तोंडाला बूच लावा.

पंपावर मात्र नीट विचारा. नुसतं “पॉवर आहे का?” म्हणालात तर ९५वालं भरतील, आणि त्यात इथेनॉल असतं. “शंभर आहे का?” असंच विचारा. सगळ्या पंपांवर ते नसतं, तेव्हा टाकी रिकामी करून निघण्याआधी पंपावर फोन लावा.