करवंटीचा कोळसा आणि दातांचा शुभ्रपणा

तमिळनाडूतील तिरुप्पूर जिल्ह्यातल्या कांगेयम परिसरात खोबरे वाळवून तेल काढण्याचा मोठा व्यवसाय आहे, आणि खोबरे निघाल्यावर उरलेल्या करवंट्यांचे असे ढीग तिथे जागोजागी रचलेले दिसतात. दात पांढरे करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काळ्या पावडरीतला कोळसा पुष्कळदा अशाच करवंट्यांपासून तयार झालेला असतो.

करवंट्या खड्ड्यात घालून पेटवल्या जातात. पण त्यांना मोकळी हवा मिळू दिली, तर हाती फक्त राख येईल. म्हणून जाळ धरला की थरावर थर टाकत खड्डा भरतात आणि शेवटी वर पत्रा ठेवून त्याच्या कडा ओल्या मातीने लिंपून टाकतात. सुरुवातीला दाट पांढरा धूर निघतो. तो विरळ आणि निळसर होऊ लागला, की करवंटी आतपर्यंत भाजली असे कामगार ओळखतात. पत्रा काढण्याची घाई मात्र करता येत नाही, कारण गरम कोळशाला वारा लागताच तो पुन्हा पेट घेतो. तीन-चार किलो करवंट्यांमागे साधारण एक किलो कोळसा मिळतो. चांगल्या कोळशाची खूण इथे जवळून पाहता येते: तुकडा मोडला की त्याची कड चकाकते, आणि दगडावर टाकला की तो खणखणीत वाजतो.

हा अजून साधाच कोळसा आहे. कारखान्यातल्या फिरत्या भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सियस तापमानाला त्यावर वाफ सोडली जाते, तेव्हा ती वाफ त्यातला काही कार्बन खाऊन टाकते आणि उरलेल्या दाण्यांत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात. तळहातावरच्या या चिमटीत जेमतेम एक ग्रॅम पावडर असेल, पण तिच्या छिद्रांच्या भिंती पसरून मोजल्या, तर त्या 1,000 चौरस मीटरच्या घरात, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतात. या भिंतींना नको असलेले रेणू चिकटून राहतात. पाण्याच्या फिल्टरमध्ये याच गुणाचा उपयोग होतो, आणि काही विषबाधांमध्ये प्रौढ रुग्णाला हाच कोळसा सुमारे 50 ग्रॅम पाण्यात कालवून देतात.

दातांवर मात्र ब्रश जेमतेम दोन मिनिटे फिरतो आणि पाठोपाठ चूळ भरली जाते, त्यामुळे या दहा गुंठ्यांना काही धरून ठेवायला सवडच मिळत नाही. चहाचे आणि तंबाखूचे वरवरचे डाग निघतात हे खरे आहे, पण ते प्रामुख्याने घासल्यामुळे निघतात. दाताचा पिवळसरपणा इनॅमलच्या खाली असलेल्या डेंटिनमधून येतो, आणि तिथपर्यंत कोळसा पोहोचत नाही. तिथे पोहोचते ते पेरॉक्साइड, जे दंतवैद्याच्या देखरेखीखालीच वापरायचे असते.

कोकणातल्या या न्हाणीघराच्या दगडावर ठेवलेली राखुंडी भाताच्या तुसाची आहे. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिकाच असते, आणि बोटाला जाणवणारी ही कचकच तिचीच आहे. टूथपेस्ट परवडत नव्हती तेव्हा राखुंडीने आपल्या घरांना मोठा आधार दिला, हे आदराने सांगायलाच हवे. परंतु तिचा दाखला देऊन कोळशाची पावडर निर्धोक ठरवणे आम्हांला मान्य नाही, कारण दोन्हींकडून होते ते घासण्याचेच काम.

इनॅमल जास्तीत जास्त अडीच मिलिमीटर जाड असते, ते घडवणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरत नाहीत, आणि म्हणून एकदा झिजलेले इनॅमल परत येत नाही. उलट डेंटिन उघडे पडून दात अधिक पिवळे दिसतात आणि थंड पाण्याने ठणकू लागतात. कोळशाची टूथपेस्ट आणि पावडर सुरक्षित व गुणकारी असल्याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष 2017 साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकातील आढाव्याने काढला होता.

दंतवैद्याच्या खुर्चीवर बसलेल्या या तरुणीने आताच तिसऱ्यांदा चूळ भरली आहे. हिरडीच्या कडेने आणि पुढच्या दातात भरलेल्या सिमेंटभोवती दिसणारी ही बारीक काळी रेघ कोळशाच्या अडकलेल्या कणांची आहे, आणि दंतवैद्य ती आता बारीक टोकाच्या उपकरणाने हलक्या हाताने मोकळी करीत आहेत.