पहाटे साडेचारची सिंफनी

[दृश्य: यावल तालुका, जानेवारीची रात्र. केळीच्या बागेत बॅटरीचा उजेड. बोअरच्या मोटारीची घरघर.]

रात्री साडेबाराला थ्री फेज लाईट येते. थंडी दहा अंशांच्या खाली उतरली की केळीला चरका बसतो. पानं पिवळी पडतात, घड नीट भरत नाहीत. म्हणून या दिवसांत आम्ही पाणी रात्रीच देतो आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. मोटार चालू करायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, मग पुढची बारी येईपर्यंत दीड तास शेकोटीपाशी बसायचं. या दीड तासात मी एका इंग्रज शेतकऱ्याच्या सिंफन्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या लांब रचना, ऐकतो.

शेतकरीच म्हणायचं त्याला. जॉर्ज लॉइड. १९५२ साली तो आणि त्याची बायको नॅन्सी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात राहायला गेले आणि पुढची वीसेक वर्षं कार्नेशनची फुलं आणि मशरूम पिकवून जगले. मळ्यातलं काम उजाडल्यावर सुरू व्हायचं, म्हणून हा माणूस पहाटे साडेचारला उठून लिहायला बसायचा. त्या पहाटांमधून तीन-चार सिंफन्या आणि चार पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो पुढे आणि वाद्यवृंद सोबतीला अशा रचना, निघाले. आयुष्यभरात एकूण सिंफन्या बारा.

[दृश्य: शेकोटी. मोबाईल, छोटा स्पीकर. शेजारी पितळी डब्यात चहा.]

लॉइडचं संगीत रोमँटिक वळणाचं. आपल्याकडे रोमँटिक म्हटलं की बागेतलं प्रेमगीत डोळ्यांपुढे येतं. इथे तो अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकात चायकोव्हस्की, ब्राम्स या संगीतकार मंडळींनी जी वाट रुंद केली, ती ही रोमँटिक वाट. लांब, श्वास घेणारी चाल. सुरांना एक घर असतं. चाल त्या घरातून निघते, लांब भटकून येते आणि परतते. आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटीवाला षड्ज धरून बसतो आणि गाणारा कुठूनही फिरून तिथेच येतो, तशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या शोनबर्गनं ते घरच सोडलं. त्यालाही मोठी प्रतिभा लागते, मी ते कमी लेखत नाही. पण दुसऱ्या महायुद्धानंतर शोनबर्गची वाट म्हणजेच काळ, आणि जुन्या वाटेवर चालणारा म्हणजे मागासलेला, असा शिक्का बसला. लॉइडच्या आठव्या सिंफनीचा आराखडा १९६१चा. रेडिओवर ती वाजली १९७७ साली. सोळा वर्षं कागद पडून होते.

आता ही चौथी सिंफनी. हिच्यामागे एक जहाज आहे.

लॉइड युद्धात ब्रिटिश नौदलाच्या बँडमध्ये होता. लढाई सुरू झाली की बँडवाले जहाजाच्या पोटात, तोफांची मापं काढणाऱ्या खोलीत बसायचे. मार्च १९४२, आर्क्टिक समुद्र, त्याच्या जहाजाचं नाव ‘ट्रिनिडाड’. जर्मन जहाजावर सोडलेला त्यांचाच एक टॉर्पेडो त्या गारठ्यात बिघडला, गर्रकन वळला आणि त्यांच्यावरच येऊन आदळला. तेलाची टाकी फुटली आणि ते काळं तेल खोलीत शिरलं. लॉइड वर आला. त्याचे सोबती तेलात बुडाले. जहाजावरची ३२ माणसं गेली. पुढे त्याचे हात थरथरायचे, मन ठिकाणावर राहायचं नाही. नॅन्सी स्वित्झर्लंडची. तिनं त्याला माहेरच्या देशी नेलं आणि माणसात आणलं. तिथेच १९४५-४६ साली त्यानं ही सिंफनी लिहिली. पहिल्यांदा वाजली ती १९८१ साली.

गेल्या आठवड्यात तिचा दुसरा, संथ भाग लावला होता. आमचे सालदार काका फिल्टर धुऊन शेकोटीपाशी आले, हात शेकत थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “कोन गेलं भाऊ?”

मी जहाजाचं सांगितलं नव्हतं. सिंफनी हा शब्दही त्यांच्या कानावर कधी पडला नसेल.

शेवटच्या भागात एकामागून एक कूचगीतं येतात. इतक्या दुःखानंतर हे उड्या मारणारे सूर कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. लष्करी बँडची रीत अशी, की सोबत्याला पुरून परतताना चाली आनंदाच्या वाजवायच्या. लॉइडच्या अंगात ती रीत होती. ते कळल्यापासून तो भाग ऐकताना माझा गळा दाटतो. काका टाचेनं पाइपावर ताल धरत होते.

लॉइडचं सगळंच थोर आहे असं नाही. काही ठिकाणी चाल संपली तरी तो तिला सोडत नाही. पण जे सुचलं तेच त्यानं लिहिलं. मान मिळावा म्हणून भाषा बदलली नाही.

असे आणखी पुष्कळ आहेत. स्वीडनचा कुर्ट आटरबर्ग आयुष्यभर पेटंट कचेरीत नोकरी करत नऊ सिंफन्या लिहून गेला. कोर्नगोल्डचा व्हायोलिन कॉन्चेर्टो १९४७ साली पहिल्यांदा वाजला, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका समीक्षकानं त्याच्या नावावर कोटी करून (इंग्रजीत ‘कॉर्न’ म्हणजे मका, ‘गोल्ड’ म्हणजे सोनं) लिहिलं, यात सोन्यापेक्षा मकाच जास्त. आज तो कॉन्चेर्टो जगभर वाजतो.

[दृश्य: जळगावजवळचं आसोदे. सकाळ. ओट्यावर जातं.]

आणि रशियन पियानोवादक-संगीतकार निकोलाय मेटनर. जन्म मॉस्कोत, १८८०. मृत्यू लंडनमध्ये, १३ नोव्हेंबर १९५१. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १८८० सालच्याच, आणि त्या गेल्या ३ डिसेंबर १९५१ला. वीस दिवसांचं अंतर. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर ओव्या सुचायच्या, त्याही घरच्या बोलीत. त्या गेल्यावर मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून घेतलेल्या ओव्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं.

मेटनरला मात्र जिवंतपणी एक माणूस भेटला, तोही आपल्याकडचा. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार स्वतः पियानो शिकलेले. आजारी, हलाखीत असलेल्या मेटनरच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च त्यांनी उचलला. त्या पैशातून त्याचे तिन्ही पियानो कॉन्चेर्टो त्याच्याच हातचे तबकडीवर उतरले. तिसरा कॉन्चेर्टो त्यानं महाराजांना अर्पण केला. म्हैसूरच्या त्या पैशामुळे आज यावलच्या बागेत मेटनरची बोटं ऐकू येतात.

[दृश्य: पहाट. धूर खाली बसलेला. निसवलेल्या घडांवर दव.]

साडेचार वाजलेत. शेवटची बारी लावली आहे. लाईट जायला अजून वेळ आहे, आणि आज मेटनरचा तिसरा ऐकायचा राहिलाय. काका चहा गरम करतायत. लावतो.

[पियानोचे पहिले सूर. मागे मोटारीची घरघर तशीच चालू.]