वळू निवडताना पहिला प्रश्न : तो आपल्या गाईचा कोण लागतो?

नमस्कार मंडळी. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदाही वैध ठरवला, तेव्हापासून खिलार या शर्यतीच्या आणि शेतीकामाच्या जातीच्या जनावराला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. त्याचबरोबर आपल्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली एकच विचारणा येऊ लागली आहे : अमुक मैदान गाजवलेल्या खोंडाकडे आमची गाय भरवायला, म्हणजे गाभण करून घ्यायला, न्यावी का? त्या खोंडाची शिंगे, रंग, छाती आणि त्याने मारलेली मैदाने तुम्ही सविस्तर लिहून पाठवता. परंतु तो खोंड तुमच्या गाईचा कोण लागतो, हे आजवर एकानेही लिहिलेले नाही. म्हणून आज मी वळूच्या निवडीवर बोलणार असलो, तरी बोलण्याचा मोठा भाग या एकाच प्रश्नावर खर्च करणार आहे.

अंगलटीच्या गोष्टी तुम्हाला माझ्याइतक्याच ठाऊक आहेत, त्यामुळे त्या झटपट सांगतो. वळू आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेला, नसावा; किमान दुसा, म्हणजे दोन कायमचे दात आलेला, असावा. त्याला चालवून पाहावे. मागचे पाय सरळ पडावेत आणि खूर घट्ट, काळे व न फाटलेले असावेत. बेंबीखालची चामडी लोंबती नसावी. दोन्ही अंड सारखे, भरीव आणि वयाच्या मानाने मोठे असावेत, कारण लहान अंडाच्या वळूच्या कालवडीही सहसा उशिरा माजावर येतात. त्याची आई जिवंत असेल तर तिची कास, सड आणि दोन वेतांमधले अंतर पाहून यावे. वेसण धरणाऱ्यावर धावून जाणारा वळू कितीही देखणा असला तरी नको.

आता नात्याकडे येतो. कोणत्याही गुणासाठी जनावराच्या अंगात जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बापाकडून आलेली आणि एक आईकडून. वळूने आपल्या दोनपैकी एक प्रत आपल्या कालवडीला दिलेली असते. तीच कालवड मोठी झाल्यावर त्याच वळूकडून भरवली, तर ती प्रत कालवडीकडून वासरात उतरण्याची शक्यता निम्मी आणि वळूकडून पुन्हा तीच प्रत येण्याची शक्यताही निम्मी. म्हणजे एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती वासरात एकत्र येण्याची शक्यता २५ टक्के होते. सावत्र भावंडांचा, म्हणजे एकाच बापाच्या पण वेगळ्या आयांच्या नर-मादीचा संबंध आला, तर ती साडेबारा टक्के असते. जनुक चांगले असेल तर बिघडत नाही. परंतु प्रत्येक जनावर काही दडलेले दोष वाहत असते, जोडीची दुसरी प्रत निरोगी असल्यामुळे ते दिसत नाहीत, आणि अशा संबंधात ते दोन्ही बाजूंनी येऊन उघडे पडतात. वासरू जन्मतः हलके भरते, लवकर दगावते, कालवड उशिरा माजावर येते, गाय वारंवार उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. यातले काहीही वळूच्या शिंगांवरून कळत नाही.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी आमच्या गोठ्यात पाहिले. माझ्या वडिलांनी खरसुंडीच्या यात्रेत एक गाभण गाय घेतली होती. ती कोणत्या वळूची गाभण आहे, हे आम्ही विचारले नाही आणि विकणाऱ्यानेही सांगितले नाही. तिला कालवड झाली, ती आम्ही हौसेने वाढवली, आणि तीन वर्षांनी ती माजावर आली तेव्हा शेजारच्या गावातल्या नामांकित वळूकडे तिला मी स्वतः चालवत घेऊन गेलो. झालेले वासरू इतके लहान होते की वडिलांनी ते एका हाताने उचलले. त्याचे पुढचे पाय गुडघ्यात वळलेले होते, ते उभे राहीना, आणि आई उभी असताना आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरून सडाला लावत होतो. नवव्या दिवशी ते गेले. पुढे कधीतरी गाय विकणाऱ्या गृहस्थांची बाजारात गाठ पडली आणि बोलता बोलता समजले की, त्यांनीही ती गाय याच वळूकडून भरवली होती. एका वासरावरून सिद्धांत मांडू नये, हे मला मान्य आहे. पाय वळण्याला इतरही कारणे असतात. पण बाप आणि लेक मी माझ्या हाताने एकत्र आणली होती, आणि एक प्रश्न विचारला असता तर ते टळले असते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तुमच्यापैकी काही जण लिहितात की, आपल्याकडे एवढा हिशेब कोण ठेवतो. मांसासाठी गुरे पाळणाऱ्या अमेरिका आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशांतले पशुपालक तो ठेवतात. तिथे साधारण २५ गाईंमागे एक वळू कळपात सोडतात, आणि कालवडी १४-१५ महिन्यांच्या झाल्या की त्याही वळूखाली जातात. त्यामुळे दोन हंगाम झाले की वळू बदलायचा किंवा त्याच्या कालवडी त्याच्यापासून वेगळ्या ठेवायच्या, हे त्यांना चुकत नाही. आपली खिलार कालवड माजावर यायला अडीच-तीन वर्षे घेते, आणि हा लांबलेला काळच आपल्याला फसवतो, कारण तीन वर्षांपूर्वी कोणता वळू होता हे घरात कोणालाही आठवत नाही, वळू मात्र त्याच दावणीला, त्याच जोमात उभा असतो.

त्या गुरांचा आपल्याशी एक जुना संबंधही आहे. अमेरिकेतली ब्राह्मण ही मांसाची जात ज्या भारतीय गुरांपासून तयार झाली, त्यांत कांकरेज, गीर आणि ओंगोल यांच्याबरोबर आपले कृष्णा खोरी जनावरही होते. त्याच कृष्णा खोरी गाईची शुद्ध जनावरे आज सांगली-बेळगाव पट्ट्यात फारच थोडी उरली आहेत, आणि ती पाळणाऱ्याला वळू शोधताना नात्याबाहेरचा मिळणे हीच सर्वांत मोठी अडचण ठरते. खिलारची संख्या मोठी असूनही आपण तिथेच निघालो आहोत, कारण मोबाइलवर एखादा खोंड गाजला की तीन-तीन तालुक्यांतल्या गाई त्याच्याकडे जातात, आणि चार वर्षांनी त्या तालुक्यांतल्या कालवडी आणि खोंड एकमेकांचे सावत्र भावंड असतात. मग शेजारच्या गावचा वळू निवडला, तरी तो तुमच्या कालवडीचा भाऊ निघू शकतो.

एका प्रेक्षकाने तळमळीने विचारले आहे की, वंश शुद्ध ठेवायचा तर घरचाच वळू घरच्या गाईला का लावू नये. हा गैरसमज मला फार जाचतो, म्हणून स्पष्ट सांगतो : जातीची शुद्धता आणि रक्ताची जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिलारचा मुलूख साताऱ्यापासून सोलापूर, सांगली ओलांडून पार विजापुरापर्यंत पसरलेला आहे. आटपाडीच्या गाईला मंगळवेढ्याकडचा किंवा जतच्या पलीकडचा वळू मिळाला, तर होणारे वासरू तितकेच शुद्ध खिलार असते आणि बाप-लेकीचा धोकाही राहत नाही.

कृत्रिम रेतन करणाऱ्यांचे काम याहून सोपे आहे, तरी तिथेही तीच चूक होते. ही माझ्या हातातली कांडी पाहा. पेनच्या रिफिलसारखी, सुमारे १३ सेंटीमीटर लांब, आणि आत पाव मिलिलिटर रेत असते. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमधून काढून ती कोमट पाण्यात धरतात, टोक कापतात, रेतन करतात आणि रिकामी कांडी उकिरड्यावर फेकतात. तिच्यावर बारीक अक्षरांत वळूचा क्रमांक, जात, रेत गोठवल्याची तारीख आणि केंद्राची खूण छापलेली असते. म्हणजे तुमच्या होणाऱ्या वासराच्या बापाचे नाव आपण उकिरड्यावर टाकत असतो. कांडी मागून घ्या, पुसून वहीत चिकटवा, आणि शेजारी गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक व तारीख लिहा. तीन वर्षांनी कालवड माजावर येईल तेव्हा कांडी कोमट पाण्यात जाण्याआधी तिच्यावरचा क्रमांक या वहीशी ताडून पाहा, आणि तोच असेल तर दुसरा वळू मागा.

नैसर्गिक रेतनाच्या वळूबाबत आणखी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. पहिली म्हणजे, गेल्या दोन महिन्यांत त्याला मोठा ताप किंवा लम्पी येऊन गेला आहे का; कारण शुक्रजंतू तयार व्हायला जवळजवळ दोन महिने लागतात आणि तापात बिघडलेली खेप तेवढा काळ गाई उलटवत राहते. लम्पीचा विषाणू तर रेतातूनही बाहेर पडतो. दुसरी म्हणजे, ब्रुसेलोसिस या गर्भपात घडवणाऱ्या रोगासाठी त्याचे रक्त तपासले आहे का. वळू वरून धडधाकट दिसत असतानाही त्याच्याकडून गाईंना गर्भपाताचे रोग लागू शकतात, आणि ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. तपासणीबद्दल विचारल्यावर मालक रागावत असेल, तर गाय परत न्यावी.

अनेकांची अडचण अशी आहे की गाय बाजारातून घेतलेली आहे आणि तिचा बाप कोण, हे कळायला मार्ग नाही. अशा गाईसाठी मी आता जवळपासचा गाजलेला वळू मुळीच घेत नाही, कारण तिचा बाप तोच असण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त असते. मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या खिलार वळूची कांडी मागवतो, आणि तिचे पहिले वासरू झाले की आमच्या वहीत त्या गाईच्या बापाची जागा कोरी ठेवून वासराच्या बापाचा क्रमांक लिहितो. माझ्या वहीत अशी सात पाने आहेत. त्यातल्या एका पानावरच्या कालवडीचा माज मी परवा सकाळी पाहिला, क्रमांक ताडला, आणि संध्याकाळी तिला दुसऱ्या वळूची कांडी भरवून घेतली.