शेजारच्या गावातलं पुस्तक

नमस्कार श्रोतेहो. आज वाचनालयांबद्दल बोलायचंय, पण वाचन कमी झालं, मोबाईलने वाट लावली हे रडगाणं मी लावणार नाहीये, ते तुम्ही भरपूर ऐकलंय. मला बोलायचंय पैशांबद्दल. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात वाचनालयांना सरकारचा पैसा कसा मिळतो, कशासाठी मिळतो, आणि त्यात एक गोष्ट कशी वर्षानुवर्षं राहूनच गेलीये.

आपल्याकडे शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत ११ ते १२ हजार. आणि यातली बहुतेक सगळी लोकांनी काढलेली, संस्था रजिस्टर करून, वर्गणी गोळा करून. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. आणि आपला ग्रंथालय कायदा कधीचा, तर १९६७ चा, लागू झाला १ मे १९६८ ला. म्हणजे कायदा येईपर्यंत लोकांनी शंभराहून जास्त वर्षं हे चालवलेलंच होतं, त्यामुळे कायद्याने काय केलं तर जे आहे त्याला मान्यता दिली आणि अनुदान सुरू केलं. हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही.

आता अनुदानाची पद्धत बघा. ग्रंथालयाला वर्ग असतो, अ, ब, क, ड. तुमच्याकडे पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं-मासिकं किती येतात, यावरून वर्ग ठरतो आणि वर्गावरून अनुदान. २०२२-२३ मधे अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३० हजार होते त्याचे ४८ हजार झाले. ४८ हजार ऐकायला बरे वाटतात, पण त्यातले निम्मे पगाराला धरले तर महिन्याचे २ हजार होतात हो. महिना २ हजारात जो माणूस रोज दार उघडतो, पेपर लावतो, पुस्तकांची देवघेव करतो आणि वर वार्षिक अहवाल पण भरतो, त्याच्यापुढे आपण हात जोडावेत एवढंच. असो, पगाराचा विषय मोठा आहे, त्यावर कर्मचाऱ्यांचं आंदोलन वर्षानुवर्षं चाललंय, आज मी त्यात शिरत नाही.

माझा मुद्दा वेगळाय. हे सगळं अनुदान एकेका ग्रंथालयाला मिळतं. प्रत्येकाने आपलं दप्तर दाखवायचं, आपले पैसे घ्यायचे. पण दोन ग्रंथालयांच्या मधे जे घडायला पाहिजे त्याला कुठेच पैसा नाही. तुमच्या गावच्या वाचनालयात एखादं पुस्तक नाहीये आणि आठ किलोमीटरवरच्या गावात ते कपाटात पडून आहे, तीन वर्षं कोणी हात लावलेला नाही, तर ते तुमच्यापर्यंत यायची सोय काय? काहीच नाही. मुळात ते तिथे आहे हे कळायचीच सोय नाही.

बरं उलट काय होतं, पद्धतच अशी की एका तालुक्यातली पंचवीस-तीस वाचनालयं मिळून बऱ्याचदा तीच पुस्तकं विकत घेतात. त्याच चार गाजलेल्या कादंबऱ्या, तीच स्पर्धा परीक्षेची गाईडं. महागाचा कोश, शेतीवरचं चांगलं पुस्तक, कायद्याचं एखादं जाडजूड पुस्तक, हे कोणालाच परवडत नाही कारण एकट्याच्या बजेटमधे बसत नाही. आणि पुस्तकांच्या आकड्यावर वर्ग टिकून असल्यामुळे पानं गळालेली, वाळवी लागलेली पुस्तकंसुद्धा निर्लेखित करायला, म्हणजे दप्तरातून काढून टाकायला, मन होत नाही. कपाट भरलेलं, वाचायला काही नाही.

म्हणजे हा विचार आपल्याकडे कोणी केलाच नव्हता असं नाहीये हं. १९३९ साली तेव्हाच्या मुंबई सरकारने फैजी समिती नेमली, असफ फैजी अध्यक्ष, १९४० ला अहवाल आला. त्यात मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, खाली विभागीय, मग जिल्हा, मग तालुका, मग मोठी गावं, छोटी गावं अशी सहा पायऱ्यांची उतरंडच आखलेली होती. पुढे पैशाअभावी ते टप्प्याटप्प्याने आलं, वरच्या पायऱ्या आधी झाल्या, आणि आज जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालय ही नावं आहेतच आपल्याकडे. पण तालुका ग्रंथालय म्हणजे प्रत्यक्षात काय, तर जास्त अनुदान मिळणारं ग्रंथालय. तालुक्यातल्या बाकीच्यांसाठी त्याने काय करायचं, त्याचा खर्च कोण देणार, हे कोरंच राहिलं. पाट्या लागल्या, पायऱ्या मात्र जोडल्याच गेल्या नाहीत.

आणि त्याच्याही आधी बडोदा! सयाजीरावांनी १९१० मधे अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे फिरत्या पेट्या, लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं घालून गावोगाव पाठवायच्या, तिथे वाचून झाल्या की परत, मग दुसरी पेटी. दुसरी गोष्ट पैशांची. गावाने जेवढी रक्कम जमवली तेवढीच प्रांत पंचायतीने, म्हणजे जिल्ह्याच्या पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. तिघांचा सारखा वाटा. गावाला वाटायचं आपण एक रुपया टाकला की तीन होतात, आणि सरकारलाही फुकटचं देतोय असं वाटायचं नाही. इतकं सोपं सूत्र आपण का सोडून दिलं मला खरंच कळत नाही.

तसं सूत्र अगदीच मेलेलं नाहीये म्हणा. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, १९७२ चं, त्यांच्या समान निधी योजनेत राज्य सरकार काही रक्कम घालतं आणि प्रतिष्ठान आपला वाटा घालतं. ग्रंथालयवाल्या लोकांना हे माहितीये, दरवर्षी समान निधीतून पुस्तकं येतात. पण तिथेही पुन्हा पुस्तकं, कपाटं, इमारत यावरच सगळा भर. ग्रंथालयांना एकत्र काम करायला लावण्यावर नाही.

आता लगेच कोणीतरी म्हणणार की आपल्याकडे ग्रंथालय उपकर नाही म्हणून हे सगळं. खरंय, तमिळनाडूत १९४८ च्या मद्रास कायद्यापासून मालमत्ता करावर उपकर आहे, कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने आहे, केरळात १९८९ च्या कायद्याने आहे आणि शिवाय शिक्षणाच्या बजेटमधला किमान १ टक्का ग्रंथालयांना द्यायचा असं लिहिलंय. आपल्या कायद्यात उपकर नाही, सरकारने दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान २५ लाख रुपये घालायचे एवढंच आहे. १९६७ ला २५ लाख म्हणजे काहीतरी होते, आज तो आकडा वाचून हसूच येतं, प्रत्यक्ष अनुदान १०० कोटींच्या कितीतरी वर आहे. पण उपकर हा काही रामबाण उपाय नाही. घरपट्टीबरोबर उपकर लोकांकडून वसूल होतो आणि तो महापालिकेकडेच अडकून बसतो, ग्रंथालयांकडे वेळेवर जातच नाही, ही तिकडची जुनी तक्रार आहे. म्हणून मी म्हणते उपकराची वाट बघत बसू नका. कायदा बदलायला दहा वर्षं जातील.

त्यापेक्षा छोटं बघू, एक तालुका धरू. समजा तालुक्यात ३० ग्रंथालयं आहेत. प्रत्येकाने वर्षाला ५०० रुपये बाजूला काढले की झाले १५ हजार. बडोद्याच्या सूत्राने जिल्हा परिषदेने १५ हजार दिले, राज्याने १५ दिले, एकूण ४५ हजार. यात काय होईल? टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू केलंय, खास पुस्तकांसाठी, ३०० ग्रॅमला २० रुपये आणि ५ किलोला १०० रुपये, वर कर काय असेल तो. ५ किलोत मध्यम आकाराची दहा-बारा पुस्तकं सहज बसतात. म्हणजे अख्खे ४५ हजार टपालावर घातले तरी ४०० च्या आसपास गठ्ठे इकडून तिकडे जाऊ शकतात एका वर्षात. मी तर म्हणेन निम्मेच टपालावर घाला आणि निम्म्यातून अशी पुस्तकं घ्या जी एकट्याला परवडत नाहीत, ती तालुका ग्रंथालयात ठेवा आणि सगळ्यांच्या सभासदांना द्या.

आणि एक गोष्ट तर बिनपैशाची आहे. वर्षाची खरेदी करायच्या आधी तालुक्यातल्या ग्रंथपालांनी एकदा बसायचं आणि विषय वाटून घ्यायचे. तुम्ही शेती, आम्ही मुलांची पुस्तकं, ते आरोग्य आणि कायदा. कादंबऱ्या घ्या सगळे, त्याला कोण नाही म्हणतंय.

खरी मेहनत आहे ती एकत्र यादीची. कोणाकडे काय आहे ते कळलंच नाही तर मागणार काय? सॉफ्टवेअर फुकट आहेत, केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, कोहा आहे. अडचण सॉफ्टवेअरची नाहीच, अडचण अशी की निम्म्या ठिकाणी नुसती दाखलनोंदवही आहे, हाताने लिहिलेली, आणि जिथे कॉम्प्युटरवर आहे तिथे जुन्या फॉन्टमधे टाईप केलेलं, जे युनिकोडमधे शोधलं तर सापडतच नाही. एकीकडे लेखकाचं नाव आद्याक्षरांनी, दुसरीकडे पूर्ण, तिसरीकडे आडनाव आधी. तीन ठिकाणी तेच पुस्तक, कॉम्प्युटरला वाटतं तीन वेगळी. हे सुधारायला माणूस लागतो, पगारी माणूस, निदान दोन वर्षांसाठी, एका जिल्ह्याला एक तरी. आणि हा पैसा राज्यानेच द्यायला पाहिजे, कारण एकटं ड वर्गाचं वाचनालय तो कुठून आणणार? डेन्मार्कमधे नेमकं हेच केलंय, तिथे घरबसल्या एका ठिकाणी शोधायचं, पुस्तक देशातल्या कुठल्याही सार्वजनिक ग्रंथालयात असू दे, आपल्या जवळच्या ग्रंथालयात येऊन घ्यायचं. आणि आजूबाजूच्या नगरपालिकांच्या ग्रंथालयांना मदत करायची म्हणून सहा ग्रंथालयांना सरकार वेगळे पैसे देतं. वेगळे, हे महत्त्वाचं. त्यांच्या नेहमीच्या बजेटमधून करा असं सांगत नाही.

विरोध होणार, मला माहितीये. आमची पुस्तकं बाहेर गेली आणि परत आलीच नाहीत तर? रास्त प्रश्न आहे, कारण हरवलेल्या पुस्तकाचा जाब कार्यवाहांना द्यावा लागतो, तपासणीला येणाऱ्या साहेबांना हिशोब दाखवावा लागतो. म्हणून नियमातच लिहायला पाहिजे की बाहेर गेलेलं पुस्तक हरवलं तर किंमत मागवणाऱ्या ग्रंथालयाने द्यायची आणि त्यांनी ती सभासदाच्या अनामतीतून घ्यायची. तसंच खर्चाचं. आज एखाद्या वाचनालयाने दुसऱ्या गावच्या सभासदासाठी टपालाला १०० रुपये खर्च केले तर ते कुठल्या सदरात दाखवायचे? १९७० चे अनुदानाचे नियम आहेत, त्यात आंतरग्रंथालयीन देवघेव असं एक सदर घाला, साधी दुरुस्ती आहे, विधानसभेत जायची गरज नाही.

आणि पुढच्या वेळी अनुदान वाढेल, वाढणार तर आहेच कधीतरी, तेव्हा सगळीच्या सगळी वाढ वर्गांप्रमाणे वाटू नका, त्यातला शंभरातले पाच रुपये एवढा वाटा या जोडणीसाठी बाजूला ठेवा. आणि तो एकट्या ग्रंथालयाला द्यायचाच नाही, निदान पाच ग्रंथालयांनी मिळून अर्ज केला तरच द्यायचा. बघा मग कसे एकमेकांना फोन करतात.

तुमच्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या वाचनालयाचे सभासद असाल. वार्षिक सभेची नोटीस येते, आपण जात नाही, मीही कैकदा टाळलंय. या वर्षी जा आणि दोनच प्रश्न विचारा. आपल्या तालुक्यातल्या बाकीच्या वाचनालयांची यादी आपल्याकडे आहे का? आणि गेल्या वर्षी आपण त्यांच्यापैकी कोणाकडून एक तरी पुस्तक मागवलं का? कार्यवाहांनी काय उत्तर दिलं ते आम्हाला पत्राने कळवा. नमस्कार.